‘येते’ म्हणून निघताना

परवा दुपारी आमच्या आळीतल्या वहिनी वही-पेन घेऊनच घरी आल्या. त्यांची नणंद अकरा वर्षांनी दोह्याहून कायमची परत येतेय. “तुम्ही या सगळ्यातून गेलाय. काय आणायचं, काय विकायचं, काय टाकून द्यायचं, सगळं सांगा बघू. तिला यादी करून पाठवते,” म्हणाल्या. मलाही अशा वेळी उत्साह फार! मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मुलांच्या शाळेचे दाखले आणि त्यांच्यावरचे शिक्के सगळ्यात आधी. मग वीज-पाण्याची शेवटची बिलं, घरमालकाकडची अनामत, तिथलं बँक खातं, नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब, मुलांच्या लसीकरणाची कार्डं. इथे आल्यावर बँकेतलं एनआरई खातं बदलून घ्यायचं, ते वेगळंच. दोन पानं भरली, चहा निवून गेला. वहिनी खूश होऊन गेल्या.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मात्र मनात आलं, दोन पानांत सामानाचं सगळं आलं, माणसांचं एक अक्षर आलं नाही. आणि मग आठवलं, २०१९ साली मी स्वतः केलेल्या यादीतही ते नव्हतं. त्याची रुखरुख आजवर आहे. म्हणून मैत्रिणींनो, आज हे लिहायला बसलेय.

आम्ही मस्कतला चौदा वर्षं होतो. २००५ मध्ये दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन मी चिपळूणहून गेले. आमचे हे एका बांधकाम कंपनीच्या स्टोअर्स विभागात होते. आपल्या कोकणाला आखाती देश काही नवे नाहीत. खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, कुठल्याही गावात जा, घरटी नाही तरी वाडीत एक तरी माणूस ‘तिकडे’ असतोच. मस्कत तर मुंबईहून विमानाने तीन तासांच्याही आत. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. रुवी भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. खाली उतरलं की कढीपत्त्यापासून कोकमापर्यंत सगळं मिळायचं. मत्र्याच्या बाजारात गेलं की सुरमई मिळायची आणि म्हातारे ओमानी दुकानदार आपल्याशी हिंदीत भाव करायचे. १९७० सालापर्यंत त्या देशात रुपये चालत, हे तिथल्याच एका दुकानदाराने मला सांगितलं होतं. परदेशात आहोत असं फारसं वाटायचंच नाही.

पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. आखातात कितीही वर्षं राहा, तिथलं नागरिकत्व आपल्याला सहसा मिळत नाही. नवऱ्याचा व्हिसा नोकरीवर आणि आपला नवऱ्यावर. नोकरी संपली की सगळ्यांनी निघायचं. अमेरिकेला गेलेल्यांना ‘परत जायचं का’ हा प्रश्न असतो, आम्हाला फक्त ‘कधी’ एवढाच. तरीही चौदा वर्षांत आपण पडदे शिवतो, गॅलरीत तुळस लावतो, मुलाचा जन्म तिथे होतो, आणि तो ‘कधी’ हळूहळू विसरायला होतं.

आमचा ‘कधी’ आला जानेवारी २०१९ मध्ये. तेलाचे भाव २०१४ मध्ये पडले तेव्हापासूनच बांधकामं मंदावली होती. ह्यांना पत्र मिळालं की जूननंतर करार वाढवणार नाही. लेक त्या वर्षी दहावीला होती. धाकटा दहा वर्षांचा. इकडे चिपळूणला सासूबाई एकट्या, गुडघ्यांनी बेजार. त्यामुळे तसं बघायला गेलं तर परत जाणं सोयीचंच होतं. मी वही काढली आणि यादी करायला घेतली.

ते पाच महिने कसे गेले कळलंच नाही. त्यात मे महिनाभर रमजान, सरकारी कचेऱ्यांच्या वेळा कमी. भारतीय शाळांच्या सुट्ट्यांचा मोसम, त्यामुळे विमानाची तिकिटं कडाडलेली. सोफा, वॉशिंग मशीन, कपाटं विकायला काढली. चौदा वर्षांपूर्वी आम्ही आमचा पहिला सोफा असाच परत निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतला होता. त्या घरातली बाई सोफ्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती, तेव्हा मला हसू आलं होतं. आता माझं वॉशिंग मशीन न्यायला नुकतंच लग्न होऊन आलेलं सोलापूरकडचं जोडपं आलं. ती मुलगी झाकण उघडून बघत होती आणि मी तिला “हळू गं, ते जरा अडकतं,” असं सांगताना माझाच हात त्या झाकणावरून फिरत होता.

घरातला सगळ्यात कठीण प्रश्न धाकट्याचा होता. आम्ही सगळे ‘घरी’ चाललो होतो. तो मात्र घर सोडून चालला होता. त्याचा जन्म रुवीतला, त्याचे मित्र, त्याचं मैदान, सगळं तिथलं. चिपळूण म्हणजे त्याच्यासाठी मे महिन्यातले आंबे आणि आजी. तो रोज विचारायचा, “आपण परत येणार ना?” आणि मी रोज सांगायची, “हो रे, सुट्टीत येऊ.” त्याने त्यावर विश्वास ठेवून आपली सायकल खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे ‘सांभाळायला’ ठेवली. विकू दिली नाही. मला कळत होतं की आपण खोटं बोलतोय. पण वाटलं, सध्या रडारड नको, पुढचं पुढे बघू.

आमच्या वरच्या मजल्यावर कराचीचं एक कुटुंब राहायचं. मुंबईची, कराचीची, कोझिकोडची अशी माणसं एका जिन्यावर भेटतात ती अशाच ठिकाणी. जून २००७ मध्ये गोनू वादळ आलं. मस्कतमध्ये वाद्यांना, म्हणजे तिथल्या कोरड्या ओढ्यांना, असा पूर आला की रस्ते वाहून गेले आणि नळाला कितीतरी दिवस पाणी नव्हतं. तेव्हा ह्या बाईने आपल्या साठवणीतल्या दोन बादल्या माझ्या लेकीसाठी खाली आणून ठेवल्या होत्या. तेव्हापासून आमचं जुळलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन्ही देशांत युद्धाचं वातावरण झालं. त्या आठवड्यात आम्ही दोघी जिन्यात भेटलो की फक्त मुलांच्या परीक्षेचं बोलायचो. आपापल्या घरातल्या टीव्हीचा आवाज मात्र दोघींनीही बारीक केला होता.

निघायच्या चार दिवस आधी ती शेवयांची खीर घेऊन आली. मी सवयीने म्हटलं, “कधी जमलं तर भेटूच.” तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “नही बहन, अब हम नहीं मिलेंगे. ना तुम्हें वीज़ा मिलेगा, ना मुझे. आज ही अच्छे से मिल लेते हैं.” मग आम्ही दोघी खरंच नीट भेटलो. तासभर बसलो. कोण कधी कोणावर रागावलं होतं, तेसुद्धा बोललो. रडलो, हसलो. तिने मला तिच्या आईच्या हातच्या लोणच्याची रीत सांगितली, मी तिला गोडा मसाला कसा भाजायचा ते लिहून दिलं. ती उठून गेली तेव्हा मन मोकळं झालं होतं. आजही तिची आठवण आली की बरं वाटतं, टोचत नाही.

टोचतं ते दुसरंच.

आमच्याकडे तीन वर्षं कामाला एक बाई येत होती. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातली. आम्ही सगळेच तिला अक्का म्हणायचो, ती मला अम्मा म्हणायची, खरं तर वयाने ती माझ्याहून थोडी मोठीच असेल. कडप्पा आणि गोदावरीच्या भागातून घरकामासाठी आखातात गेलेल्या बायका खूप. अक्का २०१४ मध्ये एका एजंटामार्फत आली होती. ज्या घरी लागली तिथे काम पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, पगार चार-चार महिने अडलेला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. दोन वर्षांनी एका सकाळी ती नेसत्या कपड्यानिशी तिथून बाहेर पडली. त्या दिवसापासून कागदोपत्री ती ‘पळून गेलेली’ ठरली. पासपोर्ट नाही, व्हिसा संपलेला, दंड रोज वाढणारा. रुवीत सहा जणींच्या खोलीत राहून ती चार घरची धुणीभांडी करायची.

आम्हा बायकांना हे ठाऊक असायचं. असं कोणाला कामाला ठेवणं कायद्यात बसत नाही, हेही ठाऊक होतं. पण तासाच्या हिशेबाने येणारी, स्वच्छ, प्रामाणिक बाई मिळतेय म्हटल्यावर आम्ही फार चौकशी करायचो नाही. मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. स्थलांतरित मजुरांवर परीक्षेत उत्तरं लिहिलेली. तरी माझ्याच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला मी तीन वर्षांत कधी विचारलं नाही की “अक्का, तू घरी कशी जाणार?”

तिची एक मुलगी होती, गावी आजीकडे. अक्का आली तेव्हा ती सात वर्षांची होती. आम्ही निघायचं ठरलं तेव्हा बारा. अक्का तिच्याबद्दल फार बोलायची नाही. माझा धाकटा जेवताना त्रास द्यायला लागला की मात्र ती हातातलं काम टाकून त्याला भरवायला बसायची.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात अक्का सामान बांधायला मदतीला येत होती. समुद्रमार्गे जाणारी खोकी कार्गोवाल्यांनी आधीच नेली होती. उरल्या विमानातल्या चार बॅगा, प्रत्येकी ३० किलोच्या. मी वस्तू भरायची आणि अक्का हातात धरायच्या काट्याला बॅग अडकवून वजन बघायची. तिला अक्षर वाचता येत नसे, पण आकडे चांगले कळत.

एका संध्याकाळी काम झाल्यावर ती दारात घोटाळली. मग पदराखालून एक पिशवी काढली. आत एक परकर-पोलकं होतं, दोन क्लिपा आणि लाल रंगाच्या पट्ट्यांच्या चपला. चपलांना एक दोरा बांधलेला होता. गावाहून एक बाई आली होती, तिच्याबरोबर लेकीने आपल्या पावलाचं माप म्हणून तो दोरा पाठवला होता. त्या मापाने अक्काने रुवी हायस्ट्रीटवरून चपला घेतल्या होत्या. “अम्मा, मुंबईपर्यंत न्या. माझा भाऊ स्टेशनवर येऊन घेऊन जाईल. उघडीच ठेवते, तुम्ही सगळं तपासून बघा,” असं ती मोडक्या हिंदीत म्हणाली.

परदेशात राहिलेल्या सगळ्यांना एक नियम पाठ असतो. दुसऱ्याचं बांधलेलं पार्सल कधी न्यायचं नाही. त्यात काय निघेल सांगता येत नाही, आणि निघालं तर तुरुंगात आपण जातो. हा नियम योग्यच आहे, आजही मी सगळ्यांना तेच सांगते. पण अक्काची पिशवी बांधलेली नव्हती. ती माझ्यासमोर उघडी होती. तिच्यात जे होतं ते सगळं मला दिसत होतं.

तरी मी म्हटलं, “अक्का, वजन भरलं गं. जागा नाही.”

का म्हटलं? खरं सांगायचं तर कंटाळा आला होता. भावाचा फोन, स्टेशनवरची भेट, ठरल्या वेळी तो आला नाही तर, हे सगळं डोक्यात आलं. चार रात्री झोप नव्हती. सरळ ‘मला जमणार नाही’ म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून वजनाचं कारण पुढे केलं. अक्काने काही न बोलता पिशवी परत पदराखाली घेतली. रात्री मी मोठ्या बॅगेत टँगचे चार डबे, दूध पावडर आणि ओमानी हलव्याची खोकी भरली. कोणासाठी? वर्षातून एकदा लग्नाकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांसाठी. ‘तिकडून आले आणि काही आणलं नाही’ असं कोणी म्हणू नये म्हणून.

शेवटच्या दिवशी मी अक्काला मिक्सर दिला, पांघरुणं दिली, माझे चांगले कपडे दिले, पगारावर वीस रियाल जास्त दिले. त्या वेळी रियाल १८० रुपयांच्या आसपास होता. मनाला वाटलं, आपण पुष्कळ केलं. दारात मी म्हटलं, “येते हं, अक्का.” आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत. आणि गंमत बघा, तेलुगूतही म्हणत नाहीत. तेही निघताना ‘वेळ्ळोस्तानु’ म्हणतात, म्हणजे जाऊन येते. अक्काने रीतीप्रमाणे उत्तर दिलं, “वेळ्ळि रंडि, अम्मा.” जाऊन या. माझी गाडी वळेपर्यंत ती बाजूला मिक्सरचं खोकं ठेवून उभी होती.

विमानात धाकटा खिडकीशी बसला होता. त्याने अचानक विचारलं, “आई, तू अक्काला ‘येते’ म्हणालीस. मग आपण कधी येणार?” मी म्हटलं, “तसं म्हणायची पद्धत असते.” तो म्हणाला, “म्हणजे खोटं?” मला उत्तर देता आलं नाही. त्या क्षणी त्याला सायकलचंही कळलं असावं. मुंबई येईपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून बसला.

मुंबईहून चिपळूणपर्यंतचा रस्ता, कशेडीचा घाट, परशुरामचा घाट, सगळं ओळखीचं. त्या वर्षी पाऊस लांबला होता. माती तापलेली, आभाळ भरलेलं. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. घरात पाऊल टाकलं आणि मला वाटलं, झालं, पोचलो.

पण पोचणं इतकं सोपं नसतं, बायांनो. दुसऱ्याच दिवसापासून माणसं यायला लागली आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न. “सुट्टीवर की कायमचे?” कायमचे म्हटलं की लगेच दुसरा. “का बरं? नोकरी गेली का?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि सांगायचो, “नाही, दोन महिन्यांची रजा आहे.” हे तर बाहेर जायलाच तयार नव्हते. चौदा वर्षं राबलेला माणूस, पण गुन्हेगारासारखा घरात बसून राहिला. लेक अकरावीच्या प्रवेशासाठी एकटीच माझ्याबरोबर फिरली.

एके दिवशी पलीकडच्या काकू आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. आम्ही काही बोलायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, “रजा नाही न् काही नाही. तिथलं काम संपलं म्हणून आलेत. त्यांचं घर आहे, दुसरीकडे कुठे जातील?” आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. काकू म्हणाल्या, “अगोबाई, मग बरंच झालं की! तुम्हाला सोबत झाली.” संपलं. महिनाभर ज्या गोष्टीचं ओझं घेऊन आम्ही दार लावून बसलो होतो, ती सासूबाईंनी दोन वाक्यांत मिटवली. त्या दिवशी संध्याकाळी हे पहिल्यांदा बाजारात गेले. पुढे त्यांनी इथेच हार्डवेअरच्या दुकानात हिशेबाचं काम धरलं.

त्या रात्री मीही धाकट्याला जवळ घेऊन खरं सांगितलं. “आपण परत जाणार नाही. मी तुला खोटं सांगितलं, चुकलं माझं.” तो खूप रडला. मग म्हणाला, “मग सायकल त्याला घेऊन टाक म्हणून सांग.” मित्राला निरोप धाडला. ते पोर त्या दिवसापासून चिपळूणचं व्हायला लागलं.

राहिली अक्का. तिच्या खोलीतल्या एका बाईचा नंबर माझ्याकडे होता. ओमानमध्ये त्या वेळी व्हॉट्सअॅपवरून बोलता येत नसे, त्यामुळे कधीमधी नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. मग २०२० चा कोरोना आला. घरकामाच्या बायकांना लोकांनी दार बंद केलं. अक्काची चारही घरं गेली. सहा जणींची ती खोली, भाडं थकलेलं. मला रात्री झोप येईना. मी इथून थोडे पैसे धाडले, पण तिची खरी गरज पैशांची नव्हती, सुटकेची होती.

ती सुटका झाली ओमान सरकारच्या एका निर्णयाने. व्हिसा संपूनही देशात राहिलेल्यांनी कायमचं मायदेशी जायचं ठरवलं तर त्यांना दंड माफ होईल, अशी सवलत नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि पुढे तिची मुदत वाढत गेली. पासपोर्ट नसलेल्यांना आपला दूतावास प्रवासापुरता कागद करून देत होता. तिथल्या काही मराठी आणि तेलुगू मैत्रिणींना मी फोन करकरून तिच्या मागे लावलं. २०२१ च्या सुरुवातीला अक्का घरी पोचली. सहा वर्षांहून जास्त काळाने.

तिचा फोन आला तेव्हा मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, “लेक कशी आहे?” म्हणाली, “माझ्याएवढी झाली, अम्मा. पहिल्या दिवशी माझ्याजवळ आली नाही. आता येते.” मग मीच विचारलं, “त्या चपला?” ती हसली. “आणल्या ना. दोन बोटं लहान झाल्या. भावाच्या मुलीला दिल्या.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “अक्का, त्या दिवशी बॅगेत जागा होती. मी खोटं बोलले.”

ती शांतपणे म्हणाली, “माहीत आहे, अम्मा. काटा माझ्याच हातात होता.”

आमच्या बॅगेत सव्वादोन किलोची जागा उरली आहे, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तरीही ती शेवटच्या दिवसापर्यंत येऊन सामान बांधत राहिली, माझ्या मुलाला भरवत राहिली. तिने ‘जाऊ दे’ असं म्हटलं नाही. मीही तशी अपेक्षा केली नाही. थोडा वेळ दोघी गप्प राहिलो. मग तिने धाकट्याची चौकशी केली. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणला पूर आला, तेव्हा तेलुगू बातम्यांत बघून तिचा पुन्हा फोन आला. “पाणी उतरलं का, अम्मा?” मस्कतहून खोक्यांत भरून आणलेलं बहुतेक सामान त्या पुरात गेलं. ज्याच्यासाठी मी याद्या केल्या होत्या ते सामान!

तेव्हापासून बचत गटाच्या कामाबरोबर मी एक काम करते. आपल्या भागातून कोणी आखातात कामाला निघालं की कागद बघून देते. व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नका. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासा. करारपत्राची आणि पासपोर्टची एक प्रत घरच्या माणसांकडे ठेवा. दूतावासाचा नंबर जाण्याआधीच पाठ करा. आणि शेवटी एक प्रश्न हमखास विचारते, जो मी अक्काला कधी विचारला नव्हता. “परत कशी येणार, त्याचं काय ठरलंय?”

काल सकाळी मी वहिनींना हाक मारली आणि म्हटलं, “तुमच्या यादीत थोडं राहिलंय, लिहून घ्या.” नणंदेला सांगा, मुलांना खरं सांग, परत येणार नसाल तर नाही म्हणून सांग. ज्यांची पुन्हा गाठ पडणार नाही त्यांच्याकडे एक तास नीट बसून ये. ज्या बाईने घर सांभाळलं तिला जुनं सामान देण्याआधी विचार की तुला काय हवंय. जमत असेल तर कर, जमत नसेल तर ‘जमणार नाही’ म्हण, पण कारणं सांगू नकोस. आणि वहिनी, हे तुमच्यासाठी, ती आली की पहिले आठ दिवस ‘का आलात’ हे कोणाला विचारू देऊ नका.

वहिनींनी सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, “आणि वजनाचं काय? किती किलो चालतं?”

म्हटलं, “तीस चालत असेल तर अठ्ठावीसच भरायला सांगा. दोन किलो कोणासाठी तरी ठेवावेत.”